तंटा आणि त्याची तोड



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय दिला तो 'निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसे आपले तंटे कसे मिटवतात' असा. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, पाळी संपल्यावर, आणि तेही बहुतेक कायद्याच्या पुस्तकांचे. तरी हा विषय आमच्याकडे का आला हे उघड आहे. गेली तीस वर्षे आमचा व्यवसायच भांडणाचा आहे. लोकांची समजूत अशी की युनियनवाला भांडणे लावतो. खरी गोष्ट अशी की त्याचा निम्म्याहून अधिक वेळ भांडणे मिटवण्यात जातो. आणि त्यांतली बरीचशी मालक-कामगारांची नसून कामगारा-कामगारांची असतात. तेव्हा या कामात जे पाहिले आणि वाचून जे ताडून घेतले, ते आपल्यापुढे मांडतो.

आरंभी एक खुलासा केला पाहिजे. तंटा असणे ही काही लाजिरवाणी गोष्ट नाही. ज्या घरात, गावात किंवा कारखान्यात कधीच भांडण होत नाही, तेथे सारे सुखी आहेत असे आम्ही मानत नाही. तेथे बहुधा कोणीतरी गप्प बसवला गेलेला असतो. म्हणून 'तंटा मिटला' आणि 'तंटा दबला' यांत आम्ही फरक करतो. दबलेला तंटा बाहेरून मिटल्यासारखाच दिसतो, पण तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. कोणत्याही रीतीची पारख करताना हा एक प्रश्न विचारावा : या रीतीने भांडण मिटते, की दबते?

आता तंट्यांचे प्रकार पाहू. आमच्या अनुभवाने त्यांच्या मुळाशी तीन गोष्टी असतात : वाटा, अर्थ आणि मान. पाणी थोडे आणि शेते फार, किंवा नफा एक आणि मागणारे दोन, हा वाट्याचा तंटा. ठरले ते सर्वांना मान्य, पण ठरले ते नेमके काय याबद्दल मतभेद, हा अर्थाचा तंटा. बांध कोठून जातो, करारातल्या कलमाप्रमाणे रात्रपाळीचा भत्ता कोणाला, ही त्याची उदाहरणे. आणि कोणी कोणाला चारचौघांत टाकून बोलले, विचारले नाही, मोजले नाही, हा मानाचा तंटा. वाट्याला सौदा लागतो, अर्थाला निवाडा लागतो, आणि मानाला कोणीतरी ऐकून घ्यावे लागते. रोग एक आणि औषध दुसरे असे झाले की तंटा चिघळतो.

मानाच्या तंट्यापासून सुरुवात करू, कारण तो दुसऱ्याचा वेष घेऊन येतो. एका कारखान्यात कामगारांनी मागणी केली की खात्यात आणखी चार पंखे हवेत. व्यवस्थापनाने हिशेब दाखवला की पंखे नियमापेक्षा अधिकच आहेत. हिशेब बरोबर होता, तरी लोक हटेनात. आम्ही दोन दिवस निरनिराळ्या माणसांजवळ बसलो तेव्हा कळले की नवा फोरमन लघवीला जाणाऱ्या माणसाची वेळ घड्याळावर मोजत होता, आणि वयाने मोठ्या माणसांनाही अरे-तुरे करत होता. ही गोष्ट मागणीपत्रात कशी लिहावी हे कोणालाच सुचले नाही, म्हणून पंखे लिहिले. फोरमनला समज मिळाली आणि पंख्यांचा विषय कोणी पुन्हा काढला नाही. म्हणून आम्ही नव्या कार्यकर्त्याला सांगतो की मागणी वाचावी, पण मागणी करणाऱ्यालाही वाचावे.

मानाच्या तंट्याची सर्वांत सुरेख व्यवस्था आम्ही पाहिली ती कोणत्याही कचेरीत नव्हे, पंढरीच्या वाटेवर. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर शेकडो दिंड्या चालतात. इतकी माणसे, ऊन-पाऊस, जागेची आणि पाण्याची ओढाताण, म्हणजे कुरबुर ही व्हायचीच. संध्याकाळी तळावर समाज आरतीसाठी साऱ्या दिंड्या उभ्या राहतात. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती आपले टाळ वाजवीतच राहते. साऱ्या शांततेत तेवढाच आवाज! चोपदार त्या दिंडीजवळ जातात, गाऱ्हाणे ऐकतात, तोड काढतात. मग तेही टाळ थांबतात आणि पुढचे कार्य होते. या रीतीत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. तक्रार करायची जागा आणि वेळ ठरलेली आहे. ती रोजची आहे, त्यामुळे आजचे उद्यावर साचत नाही. आणि तक्रार करणाऱ्याला कोणी बंडखोर म्हणत नाही. उलट त्याचे ऐकल्यावाचून कोणाचेच पुढे सरकत नाही. कारखान्यांच्या तक्रार निवारण समित्या या रीतीने चालल्या तर आमचे निम्मे काम कमी होईल. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत अशी समिती आवश्यक केली आहे, आणि तीत दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी सारख्या संख्येने हवेत असे म्हटले आहे. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. समिती कागदावर नेमणे सोपे आहे. टाळ वाजू देणे अवघड आहे.

आता वाट्याचा तंटा. येथे शेतकऱ्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, कारण पाण्याइतकी भांडणे दुसऱ्या कशावरून होत नाहीत. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर दगडी बंधारे घालून फड पद्धतीने शेती भिजवण्याची जुनी रीत आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठमोठे भाग पाडायचे, त्यांना फड म्हणतात. एका फडात सर्वांनी एकाच प्रकारचे पीक घ्यायचे, आणि पुढील वर्षी फडांची पिके पाळीने बदलायची. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की शेतकऱ्याने आपल्या हाताने पाण्याला बारे द्यायचे नाही. ते काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचे. पाण्याची वाटणी ज्याच्या हाती, त्याचा त्या वाटणीत स्वतःचा लोभ नसावा, हे तत्त्व या शेतकऱ्यांनी कोणत्याही पुस्तकावाचून ओळखले.

याहून पुढचे पाऊल पुरंदर तालुक्यात नायगाव येथे पडले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तेथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठेवता माणसांवर ठेवला : माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके पाणी, आणि कुटुंबाला अधिकात अधिक अडीच एकरांचे. ज्याला जमीनच नाही त्यालाही वाटा. ऊस वर्ज्य. खर्चाचा एक हिस्सा लाभ घेणाऱ्यांनी आपल्या खिशातून घालायचा. श्रोत्यांनी विचार करावा, हे नियम आधी ठरले नसते तर त्या पाण्यावरून किती डोकी फुटली असती! वाट्याचा तंटा मिटवायची उत्तम वेळ वाटा हाती येण्यापूर्वीची असते. बोनसची भाषा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सुरू करणाऱ्या दोन्ही पक्षांना आम्ही हेच सांगत आलो आहोत.

बाजारपेठेचा अनुभवही असाच. पूर्वी शेतमालाचा भाव रुमालाखाली ठरे. दलाल आणि खरेदीदार कापडाआड हात घालून बोटांच्या खुणांनी बोली करीत. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा असून त्याला काही कळत नसे. नंतर हाती पैसे पडले की भांडण. आणि ते मिटवणार कोण, तर तोच दलाल. मुंबई इलाख्यात १९३९ साली बाजार समित्यांचा कायदा झाला, महाराष्ट्र राज्यात १९६३ साली नवा झाला. उघड लिलाव, परवान्याचा मापाडी आणि लेखी हिशेबपट्टी यांमुळे लबाडी नाहीशी झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण भांडण झाल्यास दाखवायला कागद आला. उजेडात झालेल्या व्यवहाराचा तंटा लवकर सुटतो.

तरीही सौदा अडतो. दोन्ही बाजू शब्दाला बांधल्या जातात आणि माघार घेणे म्हणजे नाक कापून घेणे असे होऊन बसते. अशा वेळी काय करावे याचा धडा अहमदाबादला १९१८ साली मिळाला. प्लेगच्या साथीत कामगार गाव सोडून जाऊ नयेत म्हणून गिरणी मालकांनी बोनस दिला होता. साथ ओसरल्यावर तो बंद झाला, आणि महागाई तर युद्धामुळे भडकलेली. कामगारांची मागणी पस्तीस टक्के वाढीची, मालक वीसवर अडून. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, कामगारांच्या बाजूला गांधीजी आणि अंबालालांची सख्खी बहीण अनसूयाबेन! २२ फेब्रुवारीला गिरण्या बंद झाल्या. १५ मार्चला गांधीजींनी उपवास सुरू केला आणि १८ मार्चला समेट झाला. समेटाची युक्ती पाहण्यासारखी आहे. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा पुरी झाली. दुसऱ्या दिवशी वीस, म्हणजे मालकांचा शब्द राहिला. तिसऱ्या दिवसापासून साडेसत्तावीस, आणि कायमचा निर्णय पंचाने द्यायचा. पंच होते आनंदशंकर ध्रुव, आणि पुढे त्यांचा निवाडा पस्तीस टक्क्यांचाच आला. उपवासाने मालकांवर दडपण आले हा त्या लढ्यातला दोष गांधीजींनी स्वतःच मान्य केला आहे, म्हणून तो आम्ही झाकत नाही. पण वाट्याच्या तंट्यात मानाचा तंटा मिसळला की दोन्ही वेगळे करून सोडवावे लागतात, हे येथे स्पष्ट दिसते. दोन दिवसांच्या पगाराने मान सोडवला आणि वाटा पंचाकडे सोपवला.

तिसरा प्रकार अर्थाचा. येथे सौदा करून भागत नाही. बांध अमक्या ठिकाणी आहे किंवा नाही. अर्धा इकडे अर्धा तिकडे करणे म्हणजे खोट्याला बक्षीस देणे. शिवकाळात आणि पेशवाईत असे वाद गोतसभेपुढे जात. वतनाचे, हद्दीचे दावे साक्षीपुराव्याने तपासले जात आणि निर्णयाचा महजर होई. महजरावर जमलेल्यांच्या सह्या असत; ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी, शेतकरी नांगर काढी. पुरावा तुटला की दिव्याचाही मार्ग होता, आणि उकळत्या तुपातून धातूचा तुकडा काढण्याचे ते रवादिव्य पुन्हा यावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु निर्णय गावासमोर व्हावा, लिहून ठेवावा आणि त्याला साक्षीदार असावेत, ही गोष्ट आजही घेण्यासारखी आहे. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्यांनी आणि सार्वजनिक काकांनी त्याच सुमारास पुण्यात लवाद कोर्टही चालवले, ही गोष्ट येथे जमलेल्यांनी विसरू नये. व्याख्यान ऐकणे आणि तंटा शहाणपणाने सोडवणे ही त्यांच्या लेखी नागरिकाच्या एकाच शिक्षणाची दोन अंगे होती.

येथवर चांगल्या रीती सांगितल्या. आता धोक्याची जागा सांगणे प्राप्त आहे. 'आपसात मिटवा' हा शब्द गोड आहे, पण दोन बाजू सारख्या बळाच्या नसतील तर त्यातून अन्याय होतो. जात पंचायतीही तंटे मिटवीतच होत्या. दंड घेऊन, वाळीत टाकून, बाईला अपमानित करून मिटवीत होत्या. अखेर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. घरातल्या भांडणाचेही तेच. १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालये आली. तेथे प्रथम समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचेच कर्तव्य ठरवले आहे, समुपदेशक असतात, आणि वकील उभा करणे हा पक्षकाराचा हक्क म्हणून नाही. हे योग्यच आहे, कारण नवरा-बायकोचे पुष्कळसे तंटे मानाचे असतात आणि त्यांना ऐकणारा हवा असतो. पण जेथे मारहाण आहे तेथे आधी मार थांबला पाहिजे. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. मार खाणारीला 'थोडे तुझे, थोडे त्याचे' असे सांगणारा पंच तंटा मिटवीत नाही, दाबतो. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव समित्या बसल्या. हेतू चांगला, परंतु अशा समितीची कसोटी किती तंटे मिटले या आकड्यात नसून, दुबळ्याने तेथे तोंड उघडले की नाही यात आहे.

दुसरा धोका असा की ज्यांचे भांडण आहे ते बसण्याच्या जागी नसतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि ते डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे उभे होते. परंतु १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मान्यताप्राप्त युनियनला होता, आणि ती वेगळी होती. कामगारांचा विश्वास ज्यांच्यावर, त्यांना सहीचा अधिकार नाही. आणि सहीचा अधिकार ज्यांना, त्यांच्यावर कामगारांचा विश्वास नाही! जुनी यंत्रे, यंत्रमागांची स्पर्धा, गिरण्यांच्या जमिनींची किंमत अशी त्या शोकांतिकेची इतरही कारणे आहेत. पण ज्या तंट्याला बसायला मेजच नाही तो सुटत नाही, हे कारण आमच्या मते मोठे होते. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. लालबाग-परळमधील किती घरांत त्याचा हिशेब अजून पुरा झालेला नाही, हे तेथे राहणाऱ्यांस सांगायला नको.

हे सर्व पाहता तंटा सोडवणाऱ्याने पाच गोष्टी पाळाव्यात असे आम्हांस वाटते. पहिली, भांडण वाट्याचे, अर्थाचे की मानाचे हे आधी ओळखावे, आणि तिन्ही मिसळली असतील तर मानाचे आधी घ्यावे. दुसरी, प्रत्येक बाजूचे ऐकावे ते एकट्यात, आणि ठरवावे ते सर्वांसमोर. तिसरी, ज्याच्या सहीला किंमत आहे आणि ज्याच्यावर लोकांचा विश्वास आहे, अशीच माणसे बसवावीत. चौथी, ठरले ते साध्या भाषेत लिहावे, तारीख घालावी, आणि पुन्हा बसण्याचीही तारीख घालावी. पाचवी, हरणाऱ्याला घरी जाऊन सांगता येईल असे काहीतरी त्याच्या हाती द्यावे. मालक असो वा कामगार, मान खाली घालून गेलेला माणूस करार मोडायची सबब शोधत असतो.

अखेरीस आजच्या दिवसाकडे वळतो. आपल्या शहरात रात्री अकरा वाजता जेवणाचा डबा घेऊन दारात उभा राहणारा मुलगा आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे काम मोबाइलवर येते, दर मोबाइलवर ठरतो, आणि एखाद्या दिवशी त्याचे खाते मोबाइलवरच बंद होते. त्याने भांडावे कोणाशी? फोरमन नाही, फाटक नाही, कचेरी नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्याला 'गिग कामगार' असे नाव दिले, पण व्याख्या केली ती पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचा अशी. त्याचा वाटा, त्याचा अर्थ आणि त्याचा मान, तिन्ही तंटे रोज होतात आणि तिन्ही रोज दबतात.

यावर उपाय नाही असे जे म्हणतात त्यांना आम्ही हमालांचे उदाहरण देतो. बाजारातल्या हमालालाही एक मालक नव्हता. सकाळी एकाचे पोते, दुपारी दुसऱ्याचे. त्याच्याशी करार कोण करणार असेच लोक विचारीत. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हमाल आणि व्यापारी या दोघांचीही नोंद मंडळात. मजुरी मंडळात भरायची, तीवर लेव्ही भरायची, आणि त्यातून भविष्यनिधी, रजा, बोनस यांची सोय करायची. मंडळावर मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. म्हणजे जेथे मेज नव्हते तेथे या राज्याने ते तयार करून दाखवले, आणि तेही डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसांसाठी. पाठीवर पेटी वाहणाऱ्यांसाठी ते होणार नाही असे मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

ते काम एकट्या युनियनचे नाही. तो डबा आपल्या दारात येतो, म्हणजे त्या तंट्यात आपणही एक बाजू आहोत. त्याला उशीर झाला तर आपण तक्रारीचे बटण दाबतो. त्याचे गाऱ्हाणे ऐकायला मात्र कोणी चोपदार तेथे नसतो. तो नेमला जावा अशी मागणी कामगारांनी करावी आणि नागरिकांनी तिला पाठिंबा द्यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.